तीन इयत्ता, एक टेबल: घरच्या शाळेसाठी ख्रिस्ती अभ्यासक्रम निवडताना

पहिल्या वर्षी मी तिघांसाठी तीन पूर्ण संच मागवले. थोरली अकरा वर्षांची, मधला आठचा, धाकटी पाचची, आणि दीड वर्षाचं शेंडेफळ कडेवर. प्रत्येक खोक्यावर इयत्ता छापलेली, आत सगळ्या विषयांची पुस्तकं, वर्कबुकं, चाचण्या, शिक्षकांची पुस्तिका. मला वाटलं, आता नुसतं उघडायचं आणि शिकवायचं.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी थोरलीचं गणिताचं वर्कबुक तपासायला घेतलं. सलग अकरा पानं बरोबर, एकही खाडाखोड नाही. त्यातलंच एक उदाहरण माझ्यासमोर सोडवायला सांगितलं, तर तिला सुरुवातच करता येईना. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "आई, तू धाकटीपाशी असतेस ना, मग मी उत्तरांच्या पुस्तकात बघते." मला तिचा राग आला नाही. कितीतरी दिवस ती पोर एकटीच अडून बसत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या पुस्तकांत खोट नव्हती. एकाच मुलाला शिकवणाऱ्या आईला ती उत्तम चालली असती. मी मात्र एकेका मुलासाठी स्वतंत्र शाळा विकत घेतली होती आणि तिन्ही शाळांची बाई मी एकटीच होते. त्यानंतरच्या सहा वर्षांत जे करून पाहिलं, जे टिकलं, ते इथे लिहिते आहे. एकापेक्षा जास्त मुलं असतील तर पुस्तक चांगलं आहे का, याआधी ते आपल्या घराच्या दिवसात मावतं का, हे बघावं लागतं.

एक गोष्ट सगळ्यात आधी उरका: तुम्ही राहता तिथला कायदा. काही ठिकाणी नुसतं कळवावं लागतं, काही ठिकाणी दरवर्षी चाचणी किंवा कामाची वही दाखवावी लागते, आणि जर्मनीसारख्या देशात मुलाला शाळेत घालणं सक्तीचंच आहे. कोणते विषय शिकवलेच पाहिजेत ते कागदावर लिहून घ्या आणि मगच पुस्तकांकडे वळा.

आधी तास मोजा

माझा पहिल्या वर्षाचा हिशेब असा होता. प्रत्येकाला सहा विषय. धाकटीला विषयाला वीस मिनिटं म्हणजे दोन तास, मधल्याला अर्धा तास म्हणजे तीन, थोरलीला चाळीस मिनिटं म्हणजे चार. एकूण नऊ तास शिकवणं. त्यात स्वयंपाक, कपडे आणि कडेवरचं बाळ धरलेलंच नाही. हे होणारच नव्हतं, आणि हे मला खरेदीच्या आधी एका कागदावर कळलं असतं.

त्यानंतर हिशेब असा मांडला. बायबल वीस मिनिटं, इतिहास किंवा विज्ञान चाळीस, मोठ्याने वाचन तीस. हे दीड तास सगळे एकत्र. मग गणित आणि भाषा प्रत्येकाशी वेगळं: धाकटीला चाळीस मिनिटं, मधल्याला तास, थोरलीला माझा अर्धा तास आणि बाकी तिचं तिने. एकूण तीन तास चाळीस मिनिटं. हे जमलं, बाळ आजारी असलं तरी जमलं.

म्हणून कुठलाही संच बघताना पहिला प्रश्न हा विचारा: यात आईने स्वतः किती मिनिटं बसणं गृहीत धरलंय? बऱ्याच प्रकाशकांच्या पुस्तिकांच्या सुरुवातीला हे लिहिलेलं असतं. नसेल तर नमुन्याचा एक धडा घड्याळ लावून शिकवून बघा.

एकत्र काय, वेगळं काय

गणित पायऱ्यांचं आहे. हातचा कळल्याशिवाय गुणाकार नाही, भागाकार पक्का नसेल तर अपूर्णांक डोक्यावरून जातात. वाचायला शिकणं, लिहिणं, व्याकरण यांचंही तेच. हे विषय ज्याच्या त्याच्या पायरीवरच शिकवावे लागतात, त्याला इलाज नाही.

पण इतिहासाला अशी पायरी नसते. पाच वर्षांच्या मुलीला रोमचं साम्राज्य आधी आणि इजिप्त नंतर कळलं तर काही बिघडत नाही. विज्ञानात पक्षी आधी की ग्रहतारे आधी, यानेही लहान वयात फरक पडत नाही. आणि बायबल तर सगळ्या वयांच्या माणसांना एकत्र बसवून वाचण्यासाठीच आहे. दर रविवारी मंडळीत तेच तर होतं, आजोबा आणि तान्हं बाळ एकच उतारा ऐकतात.

आमच्या घरची एक सकाळ सांगते, म्हणजे एकत्र शिकवणं म्हणजे काय ते दिसेल. लूकच्या १५व्या अध्यायातला हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचला: शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो. एकदाच, सावकाश. मग पुस्तक मिटून आधी धाकटीला सांगायला लावलं. तिने सांगितलं आणि मध्येच थांबून विचारलं, "पण मग नव्याण्णव मेंढरांकडे कोण होतं?" मधला म्हणाला, दुसरे मेंढपाळ असतील. मी म्हटलं, वचनात तसं लिहिलंय का? त्याने पुन्हा वाचलं. नव्हतं लिहिलेलं. थोरलीला मी मत्तयचा १८वा अध्याय काढायला सांगितला. तिथे तोच दाखला आहे. लूकमध्ये तो मेंढरं रानात सोडून जातो, मत्तयमध्ये डोंगरावर. मग तिच्या लक्षात आलं की ऐकणारेही वेगळे आहेत: लूकमध्ये कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री, मत्तयमध्ये शिष्य. त्या दिवशी धाकटीने मेंढरं काढली, मधल्याने पाच ओळी लिहिल्या, थोरलीने दोन्ही उतारे शेजारीशेजारी मांडून पानभर लिहिलं. धडा एकच, माझा वेळ पंचवीस मिनिटं. आणि दुपारी जेवताना तिघंही त्या नव्याण्णव मेंढरांबद्दल बोलत होती. तीन वेगळी पुस्तकं असताना जेवणाच्या ताटावर असा सामाईक विषय कधी निघालाच नव्हता.

ऐकून आपल्या शब्दांत परत सांगण्याची ही रीत शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी (१८४२–१९२३) रुजवली. त्यांचा आग्रह होता की लहानांचे धडे छोटे असावेत आणि उतारा एकदाच वाचावा, म्हणजे लक्ष देण्याची सवय लागते. अनेक मुलं असलेल्या घराला याहून सोपी रीत मला सापडलेली नाही, कारण एकाच उताऱ्यातून प्रत्येक मूल आपापल्या ताकदीप्रमाणे उचलतं.

प्रकार ओळखा, मग नावं बघा

बाजारात नावं ढिगाने आहेत, पण प्रकार मोजकेच.

पहिला, इयत्तेप्रमाणे पाठ्यपुस्तकं. अबेका (१९७२ पासून) आणि बीजेयू प्रेस ही यातली जुनी नावं. मांडणी नेटकी, काय कधी शिकवायचं ते ठरलेलं. शिकवण्याचा अनुभव नसलेल्या आईला याने धीर येतो. मुलं दोनाहून जास्त असतील तर मी यातून सगळं घेणार नाही. भाषा किंवा गणित एवढंच घेईन.

दुसरा, मुलाने स्वतः पुढे जाण्याच्या पुस्तिका. एसीई म्हणजे ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन, १९७० पासून. विषयाला वर्षाच्या बारा छोट्या पुस्तिका, मूल स्वतः वाचतं, स्वतः ध्येय ठरवतं, स्वतः तपासतं. आईचा वेळ वाचतो हे खरं. पण माझ्या थोरलीची गोष्ट वर सांगितलीच आहे. स्वतः तपासण्याची जबाबदारी मुलाला पेलते आहे का हे आठवड्यातून एकदा शेजारी बसून बघणार असाल तरच हा मार्ग घ्या.

तिसरा प्रकार आपल्यासारख्यांसाठी: सगळ्या घराला एकच विषय आणि वयाप्रमाणे कमीजास्त काम. माय फादर्स वर्ल्डचं कौटुंबिक चक्र पाच वर्षांचं आहे, साधारण दुसरी ते आठवीच्या मुलांना एकत्र शिकवता येतं. पहिल्या वर्षी देश आणि संस्कृती, मग उत्पत्तीपासून आजपर्यंतचा इतिहास. टॅपेस्ट्री ऑफ ग्रेस जगाचा इतिहास चार वर्षांत नेतं आणि प्रत्येक आठवड्याला चार पातळ्यांचं वाचन देतं, म्हणजे सहा वर्षांचा आणि सोळा वर्षांची एकाच आठवड्यात एकाच काळात असतात. ते समृद्ध आहे, पण पुस्तिका जाडजूड. दर आठवड्याला निवड करायला आईला वेळ लागतो. विज्ञानात अपोलोजियाची लहानांची मालिका बालवाडीपासून सहावीपर्यंत एकत्र चालते, वर्षभर एकच विषय: खगोल, वनस्पती, उडणारे जीव, असं.

चौथा, गोष्टींच्या पुस्तकांतून शिकवणं. सोनलाइट १९९०मध्ये परदेशांत राहणाऱ्या मिशनरी कुटुंबांना नजरेसमोर ठेवून सुरू झालं. त्यांच्या पातळ्यांचे वयोगट एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या अंतराची भावंडं एकाच पातळीवर बसवता येतात. अँबलसाइड ऑनलाइन शार्लट मेसनच्या पद्धतीवर आहे आणि त्याचा आराखडा विनामूल्य आहे. पैशाची ओढाताण असेल तर आधी तिथे बघा.

मध्ययुगीन युरोपातल्या शिक्षणाच्या धर्तीवरच्या अभिजात (क्लासिकल) पद्धतीबद्दल एवढंच सांगते. इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७मध्ये ऑक्सफर्डमधल्या भाषणात मुलांच्या वाढीच्या तीन अवस्था मांडल्या: आधी पोपटासारखं पाठ करण्याचं वय, मग वाद घालण्याचं, मग स्वतःचं म्हणणं मांडण्याचं. अभ्यासक्रम कोणताही घ्या, पण हे ध्यानात ठेवा. लहानाला पाठांतर द्या, मधल्याला "का?" विचारू द्या, मोठीकडून मत मागा. स्तोत्र ११९ मध्ये हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांची आठ-आठ ओव्यांची कडवी आहेत. आमच्याकडे मोठी एक पूर्ण कडवं पाठ करते, मधला चार ओव्या, धाकटी एक.

"ख्रिस्ती" एवढा शब्द पुरत नाही

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवावा अशी कळकळीची विनंती आहे. गणित चुकीचं निवडलं तर सहा महिने वाया जातात. विश्वासाबद्दल घरात एक आणि पुस्तकात दुसरं असेल, तर मूल गोंधळतं आणि ते बोलूनही दाखवत नाही.

माझी कसोटी सोपी आहे. संचातलं दहा आज्ञांचं पान उघडते. "खून करू नको" ही कितवी आज्ञा आहे? कॅथलिक आणि लूथरन परंपरेत ती पाचवी, बहुतेक इतर प्रोटेस्टंट परंपरांत सहावी. पहिल्या परंपरेत मूर्तीविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाची आज्ञा दोन भागांत मोजतात. आमच्याकडे मधल्याने पुस्तकातून क्रमाने पाठ केलेल्या आज्ञा संडे स्कूलमध्ये म्हटल्या आणि सगळी मुलं म्हणाली, चुकलास. तो चुकला नव्हता. पुस्तक दुसऱ्या परंपरेचं होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. बायबलमधली पुस्तकं ६६ (प्रोटेस्टंट) सांगितली आहेत की ७३ (कॅथलिक), हेही त्याच पानांच्या आसपास कळतं.

मग बाप्तिस्म्याचा धडा वाचा: तान्ह्या बाळांचा की विश्वास कबूल केल्यावरचा? मग विज्ञानात उत्पत्तीचा पहिला अध्याय कसा मांडलाय: चोवीस तासांचे सहा दिवस आणि काही हजार वर्षांची पृथ्वी, की दीर्घ काळ? अपोलोजियासारखी बरीच ख्रिस्ती विज्ञानाची पुस्तकं पहिली भूमिका घेतात. तुमची भूमिका कोणतीही असो, ती तुम्हा नवरा-बायकोला पुस्तक घेण्याआधी माहीत हवी, आणि अडलं तर पाळकांशी बोलून घ्या. मी आणखी एक बघते: वेगळं मानणाऱ्यांबद्दल पुस्तक कोणत्या सुरात बोलतं. जे पुस्तक समोरच्याला मूर्ख ठरवतं ते मी माझ्या मुलांच्या हातात देत नाही, त्याचा निष्कर्ष मला पटत असला तरी.

प्रश्नोत्तरांनी शिकवणारे जुने संच अनेक वयांना फार सोयीचे पडतात. हायडेलबर्गची १५६३ची प्रश्नोत्तरी १२९ प्रश्नांची आहे आणि वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेली आहे. वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी १०७ प्रश्नांची, लूथरची लहान प्रश्नोत्तरी १५२९ची. तुमच्या मंडळीची जी परंपरा असेल ती घ्या. मोठ्यांनी पूर्ण उत्तर, लहानांनी पहिलं वाक्य.

आणि बायबल मातृभाषेत वाचा. हे अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत असतात, त्यामुळे वचनंही इंग्रजीत पाठ होतात आणि मग आजीबरोबर प्रार्थनेला बसलेल्या मुलाला तेविसावं स्तोत्र तिच्या शब्दांत म्हणता येत नाही. पुस्तकातला संदर्भ घ्यायचा, वचन मराठी बायबलमधून पाठ करायचं. एवढ्यावर मी ठाम आहे.

गणित सगळ्यात आधी, आणि इयत्ता न बघता

गणिताच्या पुस्तकात पानापानावर वचन असावं असा माझा आग्रह नाही. पुस्तक गणित नीट शिकवतं का, हे बघा. जवळजवळ सगळे प्रकाशक पातळी ठरवायची चाचणी विनामूल्य देतात. ती द्या आणि निकाल मुकाट्याने माना. माझी थोरली सहावीच्या वयाची होती आणि तिचा भागाकार कच्चा निघाला. तिला खालचं पुस्तक द्यायचं म्हणजे तिचं मन मोडणार. मॅथ-यू-सीच्या पुस्तकांना इयत्ता नसते, ग्रीक अक्षरांची नावं असतात: गॅमा म्हणजे गुणाकार, डेल्टा म्हणजे भागाकार, एप्सिलॉन म्हणजे अपूर्णांक. ती डेल्टापासून बसली आणि तिला कमीपणा वाटला नाही. तिथे एक विषय पुरा झाल्यावरच पुढचा. सॅक्सन या दुसऱ्या गणिताच्या संचाचं उलट आहे, रोज थोडं नवीन आणि बाकी जुन्याची उजळणी. विसरभोळ्या मुलाला सॅक्सन मानवतं, आणि ज्याला एका गोष्टीवर ठाण मांडून बसायला आवडतं त्याला मॅथ-यू-सी. दोन भावंडांना दोन वेगळी गणितं द्यावी लागली तर द्या, काटकसर दुसरीकडे करा.

अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांत इंच, पाउंड आणि तिथली नाणी असतात, इतिहासातही दोन-दोन वर्षं त्यांच्याच देशाला दिलेली असतात. मापांचे धडे बदला, आणि त्या वर्षांत आपल्या देशाचा इतिहास घाला.

मागवताना

नमुन्याची पानं उतरवून घ्या आणि सगळ्या मुलांना घेऊन एक पूर्ण आठवडा चालवून बघा. एका दिवसाने काही कळत नाही, पहिल्या दिवशी सगळंच छान वाटतं. कोणतं पुस्तक परत वापरता येईल आणि कोणतं लिहून संपेल ते वेगळं काढा. चार मुलं असतील तर शिक्षकांची पुस्तिका आणि गोष्टींची पुस्तकं चार वेळा कामी येतील, वर्कबुक एकदाच. आपल्याच मुलांसाठी पानांच्या प्रती काढायची परवानगी आहे का, ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेलं असतं. वाचा आणि पाळा.

बहुतेक आराखडे ३६ आठवड्यांचे, म्हणजे १८० दिवसांचे असतात. मी आठवड्याचे चार दिवस धडे ठेवते आणि पाचवा दिवस राहिलेल्यासाठी. सगळं एकदम मागवू नका. गणित आणि वाचन आधी, एकत्र विषय महिन्याने. वर्षाच्या मध्ये काही चालेना, तर तो एकच विषय बदला. सगळा डोलारा मोडलात तर मुलांना पायाखाली काहीच राहत नाही.

शेंडेफळाला एकत्र वेळेत मांडीवर जागा आणि हातात जाड खडू. त्याच्यासाठी अभ्यासक्रम घेऊ नका. आमचं शेंडेफळ नुसतं ऐकून तीन वर्षांचं असताना योसेफाच्या भावांची नावं घडाघडा सांगायचं.

मोठं मूल तेरा-चौदाचं झालं की त्याला इतिहास आणि विज्ञानाच्या घोळक्यातून सोडा. पुढे कोणती परीक्षा द्यायची ते ठरवून, तिथून उलटं मोजत विषय निवडा, कारण बीजगणित आणि प्रयोगशाळेचं विज्ञान आता पुढे ढकलता येत नाही. सकाळच्या बायबलच्या वेळेतून मात्र सोडू नका. आमची थोरली आता सतराची आहे. स्वतःचा अभ्यास खोलीत करते, पण सकाळची वीस मिनिटं टेबलाशी असते, आणि वाचून दाखवायची पाळी बहुधा तिचीच असते.

आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नोंद ठेवा: कोण, कोणत्या वर्षी, कुठे अडलं. माझ्या एप्सिलॉनच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, "धडा १२, मधला, तीन आठवडे लागले. कागदाच्या पट्ट्या कापून दाखवल्यावर कळलं." या वर्षी धाकटी तिथे पोचते आहे. पट्ट्या मी आधीच कापून ठेवल्या आहेत.